बुधवारचा फोन

मृणालला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे वाचणाऱ्याने शेवटी माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवायला नको. वय झालं की मन मोठं होतं म्हणतात; होत असेल लोकांचं. माझे गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, शाळेतली पोरं पाठीमागून ‘बुढ्ढी मॅडम’ म्हणतात तेही ऐकू येतं, पण मन होतं तेवढंच राहिलं. आदिलाबादेत कुणाच्या लग्नाकार्यात ती समोरून येताना दिसली की अजून माझा घास तोंडातच राहतो. मग मी तिच्याकडे बघत बघत, सावकाश, तो घास चावून गिळते. तिनं माझं काय केलं आणि मी तिचं काय केलं, दोन्ही इथं लिहून ठेवते आहे. एकच लिहिलं तर तिच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

आमचं गाव सीमेवर, भीमपूरच्या अलीकडे. अर्धे सोयरे इकडे तेलुगू मुलखात, अर्धे महाराष्ट्रात. घरात माणसं तीनच, बाबा, माय आणि मी. पण वेचणीचे दिवस आले की तिघांनाही जागा उरायची नाही. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरायची, माय मधल्या खोलीत चुलीपाशी सरकायची, आणि माझं अंथरूण कापसावर. वरणात कापसाचा तंतू, भाकरीवर तंतू, पाण्याच्या पितळी गुंडावर तंतू. पहाटे जात्याच्या नव्हे, बाबांच्या खोकल्याच्या आवाजानं जाग यायची. मग बैलांशी त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. बैलांशी बाबा भरपूर बोलत. ‘काऊन रे, आज चारा नाई गेला का? काय झालं माया राजाले?’ आमच्याशी मात्र मोजून चार शब्द. माय म्हणायची, ‘मी बैल असती त बरं झालं असतं, निदान रोज ख्यालीखुशाली त पुसली असती.’ बाबा हसायचे सुद्धा नाहीत.

मी आदिलाबादला विद्यापीठाच्या कॉलेजात शिकायला गेले, वसतिगृहात राहिले, तेव्हाही बाबा बदलले नाहीत. दर सोमवारी बाजाराला आले की वसतिगृहाच्या फाटकाशी लिंबाखाली बसून राहायचे. धडप्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, डब्यात अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, हंगाम असला तर तुरीच्या सोल्यांची आमटी. मी जाऊन समोर बसले की एकच शब्द: ‘खाय.’ मी खायची, ते बघायचे. माझं झालं की धडपं झटकून खांद्यावर टाकायचे आणि निघायचे. वसतिगृहातल्या तेलुगू पोरी मला विचारायच्या, तुझे वडील तुझ्यावर रागावलेत का? त्यांना काय सांगणार? हेच त्यांचं लाड करणं होतं.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना फवारणी करता करता बाबांना विष चढलं. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारत होते, तोंडाला नुसता पंचा. बांधावरच कोसळले. वसतिगृहाच्या ऑफिसात फोन आला, शिपाईबाई जिन्यातून माझं नाव ओरडत आली, आणि मी दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या मनानं बाबांना तीनदा मारून टाकलं होतं. ते वाचले. आठ दिवसांनी परत बैलांशी बोलायला लागले. पण माझ्या छातीत त्या दिवशी जे धडधडायला लागलं, ते काही थांबलं नाही. कुठेही फोन वाजला, अगदी दुसऱ्या पोरीचा, की हातपाय गार पडायचे. जेवण जाईना. सकाळी उठावंसं वाटेना. छताचा पंखा बघत पडून राहायचं आणि पोरी वर्गाला गेल्या की डोक्यावरून पांघरूण घ्यायचं. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला समोर बसले आणि बाहेरच्या सरांचा फोन वाजला, तर मला माझा हजेरी नंबर सांगता येईना. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. सोमवारी खाल्लं, त्यांना दाखवून खाल्लं आणि ते गेल्यावर ओकले.

वसतिगृहाच्या मॅडमनंच मला ‘बुधवारच्या खोलीत’ पाठवलं. वनस्पतिशास्त्राच्या विभागात एक जुनी साठवणीची खोली होती, भिंतीला बरण्यांत बुडवलेली मुळं आणि शेवाळं, मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोल कडं. दर बुधवारी चार वाजता हैदराबादहून एक बाई येत. आम्ही त्यांना नुसतं ‘अम्मा’ म्हणायचो, कारण त्या प्रत्येकाला ‘चेप्पम्मा’, सांग गं बाई, म्हणूनच बोलायला लावायच्या. आम्ही सात जण होतो. कुणाला परीक्षेची भीती, कुणाला माणसांची, कुणाला कशाचंच काही वाटत नाही याची. पहिल्यांदा सगळ्यांनी एक ते दहात आजची बेचैनी सांगायची. मग एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, ‘तुझं काहीच नाही, माझं बघ’ म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो अम्मा दर बुधवारी दार लावताना सांगायच्या: या खोलीतलं या खोलीत.

दुसरा नियमही त्यांचाच होता. ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत बोला, म्हणायच्या. त्यांना तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी येत होतं, मराठी नाही. म्हणून माझ्यासाठी दुभाषी नेमली मृणाल. ती आदिलाबादची, पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्या नोकरदार मराठी घरातली, आमच्यासारखीच त्या कड्यातली एक. तिचे वडील तहसिलीत होते. पेशकाराची, म्हणजे तहसीलदारापुढे कागद ठेवणाऱ्या कारकुनाची, जागा केव्हाच गेली, पण लोक अजून त्यांना पेशकारसाहेबच म्हणत. तिचं मराठी इस्त्रीचं, आणि तेलुगू तर असं की तेलुगू पोरींनी ऐकत राहावं. मला म्हणाली, ‘तू अजिबात घाबरू नकोस हं वंदना, तुम्हा बॉर्डरकडच्या मुलींना तेलुगू येत नाही ते मला माहीत आहे. मी आहे ना.’ अगं बाई! सहावीपासून तेलुगू शिकले होते मी, कापसाच्या व्यापाऱ्यांशी बाबांच्या वतीनं घासाघीस करत मोठी झाले होते. बोलताना अडखळायचे, कॉलेजात आल्या आल्या वर्गानं हसून घेतलं होतं म्हणून तोंड मिटलं होतं; पण कळायचं सगळं. मी तिला काही बोलले नाही. तिला दया करायला आवडत होतं, मला तिच्यामागे लपायला आवडत होतं.

तीन बुधवार मी नुसता आकडा सांगितला. आठ, नऊ, आठ. चौथ्या बुधवारी बोलले. फवारणी, फोन, धडधड, सगळं सांगितलं, आणि मग मनाच्या अगदी तळाशी होतं तेही वर आलं. मी म्हटलं, ‘कदी कदी वाटते, बाबा एकडाव मरून गेले त बरं होईन. मंग फोनची वाट त नाई पाहा लागन.’ म्हटलं आणि वाटलं, आता छप्पर डोक्यावर पडणार. मृणालनं शब्दाला शब्द लावून सांगितलं. तिथं मी तिला बोल लावणार नाही, तिनं नीट सांगितलं. अम्मा दचकल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुला वडील मरायला नको आहेत. तुला भीती मरायला हवी आहे. ज्याच्यावर जीव असतो त्याच माणसाबद्दल असं वाटतं.’ समोरचा एक मुलगा, जो आकड्यापलीकडे कधी बोलत नसे, म्हणाला की मलाही आईबद्दल असं वाटतं. मी इतकी रडले की ओढणी पिळावी लागली. पुढच्या सोमवारी बाबांसमोर अडीच भाकरी खाल्ल्या आणि त्या पोटात राहिल्या.

मृणालनं स्वतःचं सांगितलं ते त्यानंतर दोन आठवड्यांनी, तेलुगूत. मागल्या वर्षी दोन्ही सेमिस्टरला नापास झाली होती. वडिलांनी लेक पहिल्या वर्गात आली म्हणून कचेरीभर पेढे वाटले होते, कारण तिनं झेरॉक्सच्या दुकानातून खोटी गुणपत्रिका बनवून आणली होती. ‘पप्पा फाइल उघडतात तेव्हा मला वाटतं आज कळलं,’ असं म्हणत रडत होती. मीही डोळे पुसले. संपल्यावर माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, ‘काही विशेष नाही गं, अभ्यासाचं टेन्शन.’ मी मान डोलावली.

आणि मग एका गुरुवारी बाबा आले. सोमवार नसताना आले, हातात धडपं नाही, डबा नाही. लिंबाखाली बसलेही नाहीत, फाटकातच उभे राहिले. मला वाटलं मायचं काही झालं. म्हणाले, ‘पेटी भर.’ मी विचारलं, काऊन? तर म्हणाले, ‘भर म्हणतलं न.’ बस. सगळ्या रस्त्यात बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर माझी पेटी त्यांनी डोक्यावर घेतली आणि माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिले.

काय झालं ते मायनं सांगितलं. बाबा पहाणीची, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याची, नक्कल काढायला तहसिलीत गेले होते. व्हरांडा माणसांनी भरलेला, आमच्याच गावचे चार जण त्यात. पेशकारसाहेबांनी अर्जावरचं नाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर पुन्हा काळजीच्या सुरात, म्हणाले, ‘तुमचीच का ती कॉलेजातली मुलगी? जरा ध्यान द्या साहेब. वेड्यांच्या वर्गात बसते. बाप मेला तर बरं होईल म्हणते. आमची मृणाल तिथं मदतीला जाते, तिनंच घरी सांगितलं.’ मदतीला जाते! तिनं स्वतःचं तिथं बसणंसुद्धा माझ्या माथी मारून उजळ करून घेतलं होतं. आणि माझ्या सांगण्यातली फवारणी नाही, फोन नाही, धडधड नाही, अम्मांचं उत्तर नाही; तेवढं एकच वाक्य उचलून नेलं, सोलून, जेवताना तोंडी लावायला. बाबा नक्कल न घेताच उठून आले.

‘तू म्हणतलं का व तसं?’ मायनं विचारलं. चुलीवर भाकर जळत होती. मी म्हटलं, ‘म्हणतलं.’ खोटं बोलता आलं असतं, पण त्या खोलीत जाऊन मला ती सवय सुटली होती. मायनं भाकर उलथली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ‘मंग मी काय सांगू त्याईले?’

वेचणी सुरू होती. मी रोज बायकांसोबत रांगेत उतरायची, कमरेला कापूस टाकायची ओटी बांधून. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. याआधीही ते बोलत नसत. पण ते न बोलणं वेगळं आणि हे वेगळं, हे ज्याच्या घरात झालंय त्यालाच कळेल. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणायचे, ‘ठेव तिथं.’ मी गेल्यावर उचलायचे. माझ्यासमोर जेवायला बसायचे नाहीत. अम्मांनी शिकवलेले सगळे उपाय मी केले. श्वास मोजला, मनात येईल ते वहीत लिहिलं, त्याला पुरावा काय तेही लिहिलं. पुरावा समोरच होता, तांब्याला हात लावत नव्हता. तेव्हा कापसाच्या एकेका बोंडाबरोबर मी मृणालचा विचार करू लागले. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या, रक्त यायचं, आणि मला बरं वाटायचं. तिच्या बापाला पत्र लिहावं? कॉलेजात खोट्या गुणपत्रिकेची तक्रार करावी? व्हरांड्यात उभं राहून, भरल्या कचेरीत, त्याच आवाजात, त्याच काळजीच्या सुरात सांगावं? हे मी इतक्यांदा मनात केलं की तोंडपाठ झालं. आणि एक गोष्ट अम्मांना कधी सांगितली नाही ती इथं सांगते: त्या दिवसांत माझी धडधड थांबली होती. जेवण जात होतं, झोप लागत होती. डूख धरला की माणूस कसा टवटवीत होतो, याचा मला स्वतःचा अनुभव आहे.

मायनं भांडून भांडून बाबांना परीक्षेपुरतं कबूल करवलं. ‘वरीसभर शिकली पोट्टी, आता वावरात बसवून ठेवता का? पेपर त देऊ द्या.’ बाबा म्हणाले, ‘देऊ दे.’ मी हॉलतिकीट आणायला गेले, आणि निघायचा वार बुधवार निवडला, हे सांगायला नकोच. चार वाजता खोलीचं दार ढकललं. सगळे होते. मृणालही होती. मला बघून उठलीच, ‘अय्या वंदना! कुठं होतीस गं इतके दिवस?’ म्हणत शेजारची खुर्ची पुढे केली. मी समोरची घेतली.

अम्मांनी आकडा विचारला. मी तेलुगूत म्हटलं, ‘शून्य.’ मग तेलुगूतच बोलत राहिले. अडखळले, क्रियापदं चुकली, कापूसबाजारातले शब्द मध्ये आले, पण थांबले नाही. कचेरीत काय झालं, कोण काय बोललं, कुणाच्या घरातून ते तिथं गेलं, तांब्या, पेटी, सगळं. मी मृणालकडे बघत होते. आधी तिला नवल वाटलं, मग तिचा चेहरा उतरला, आणि मग एका क्षणी तिला आठवलं की हिला तेलुगू येतं म्हणजे हिला सगळं येतं. तो क्षण मी नीट बघितला. तिचा हात आपोआप छातीवर गेला. ती जागा माझ्या ओळखीची होती. ‘मी फक्त आईला सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘आईनं पप्पांना...’ तो आकड्यापलीकडे न बोलणारा मुलगा हळूच म्हणाला, ‘मग माझंही गेलं का बाहेर?’ पुढच्या बुधवारपासून तो आला नाही, आणखी दोघी आल्या नाहीत, असं नंतर कळलं. त्यांचं ओझं कुणाच्या माथी? माझ्याही आहे, नाही म्हणत नाही. पण पहिली वीट तिनं काढली.

व्हरांड्यात तिनं मला गाठलं. हुंदके देत म्हणाली, ‘तू पप्पांना सांगणार आहेस ना?’ मी म्हटलं, ‘नाई. आजच्या आज नाई सांगत. तुया पप्पाचा नंबर आमच्या घरी हाय, पहाणीच्या कामाचा. दर बुधवारी चार वाजता मी फोन करीन. काय बोलीन ते मायं मी ठरवीन.’ ती म्हणाली, ‘त्यापेक्षा आत्ताच सांगून टाक गं.’ मी म्हटलं, ‘तुले सोपं पडन ते काऊन करू?’

आणि मी केला. घरी एक बटणांचा फोन होता. गावात रेंज फक्त आमच्या वावराच्या वरच्या बांधावर यायची. दर बुधवारी चार वाजता मी तिथं चढायची. पेशकारसाहेबांची कचेरी दुपारीच आटपत असावी, कारण ते घरूनच फोन उचलायचे, मागे टीव्ही चालू असायचा. मी अगदी अदबीनं बोलायची. ‘साहेब, त्या पहाणीच्या नकलेचं काय झालं? अर्ज बाबाच्या नावानं हाय.’ ते म्हणायचे, शोधतो बाई. मग मी जरा थांबायची. ‘अन् मृणाल कशी आहे साहेब? अभ्यास काय म्हणते?’ ‘उत्तम आहे,’ ते म्हणायचे, ‘देऊ का तिला?’ ‘नाई, राहू द्या. तुमच्याशीच एक बोलायचं होतं. पुढच्या बुधवारी बोलते.’ हे ऐकून ते मागचा टीव्ही बंद करायचे, तेही मला कळायचं. बांधावरून उतरताना मी गुणगुणत यायची. माय म्हणायची, ‘पोरीचं तोंड उजळून राह्यलं आता, पेपर आले वाटते जवळ.’ पेपर मी मध्येच देऊन आले, बरे गेले. आणि बाबा अजून तांब्या माझ्या हातून घेत नव्हते. पण मला त्याचं दुःख करायला सवडच नव्हती. मी बुधवार मोजत होते.

सातव्या बुधवारी पेशकारसाहेबांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. टीव्ही नव्हता. म्हणाले, ‘बाई, पहाणी तयार आहे, वडिलांना पाठवा. आणि आता फोन नका करू.’ मी म्हटलं, ‘साहेब, मला एक सांगायचं होतं.’ ‘माहीत आहे मला,’ ते म्हणाले. ‘मृणालनं काल सगळं सांगितलं. मार्कांचं, झेरॉक्सचं. ती तुमच्याच वर्गात बसायची, मदतीला नव्हे, तेही. दीड महिना बुधवार आला की न्हाणीघरात कडी लावून बसायची पोरगी. काल माझ्या पायाशी बसून दोन तास बोलली.’ पुढे म्हणाले, ‘आज इथंच बसली आहे माझ्याजवळ. कचेरीत तुमच्या वडिलांना मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. तुम्हाला आणखी काही सांगायचं असेल तर सांगा.’

मला काही सांगायचं नव्हतं. फोन हातात धरून मी बांधावर उभी राहिले आणि मला असा संताप आला की फोन विहिरीत फेकावासा वाटला. मी तिला जाळायला निघाले होते, आणि झालं काय? ती बापाच्या पायाशी बसली, बोलली, मोकळी झाली! दोन तास! तिचा बाप तिला तिथं मिळाला, माझ्या फोनमुळे मिळाला. आणि माझा बाप त्याच वावरात, हाकेच्या अंतरावर, कापूस वेचून वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होता, आणि सात आठवडे त्याच्याशी काय बोलावं याचा मी पळभर विचार केला नव्हता. त्या रागाच्या भरातच मी बांध उतरले. धीर आला होता म्हणून नव्हे. रागानं पाय चालत होते.

बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ‘बाबा, पेशकारानं सांगतलं ते खरं हाय. मी तसं म्हणतलं होतं.’

त्यांनी हातातली पऱ्हाटी उपटली, माती झटकली, ढिगावर टाकली. ‘ठाऊक हाय.’

‘तुमाले विष चढलं तवापासून मायी छाती धडधडे. फोन वाजला की...’

‘मायी माय दोन वर्सं बाजेवर होती,’ बाबा म्हणाले. एवढं लांब वाक्य माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. ‘सारं मीच करो तिचं. रोज सकाळी वाटे, आज बुढी मरावं. मेली, त आठ दिवस जेवलो नाई मी. माणसाले वाटते तसं. त्यात काय हाय.’

मी म्हटलं, ‘मंग मले घरी काऊन आणलं? माया हातचं पाणी काऊन नाई घेत तुमी? त्या कचेरीत लोकायसमोर...’

‘कचेरीत लोकं काईबी बोलतेत.’ पंच्यानं त्यांनी तोंड पुसलं, आणि डोळेही पुसले, घाम होता की काय कुणास ठाऊक. ‘तू वर्गभर लोकायले सांगतलं. त्या पेशकाराच्या पोरीले सांगतलं. मी दर सोमवारी येऊन तुयापाशी बसो. दर सोमवारी. मले एकडाव तरी सांगतलं?’

इतके दिवस मी ज्या जखमेचा सूड घेत होते, ती बाबांना झालीच नव्हती. जी झाली होती ती मृणालनं केली नव्हती. बाबांनी उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग पायानं बाजूला सारून जागा केली. ‘बस,’ म्हणाले. ‘सांग आता.’

मी ढेकळांत बसले. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून जे जिभेवर तयार होतं तेच आलं. ‘थे मृणाल हाय न बाबा, तिनं...’

बाबांनी हातानंच मला थांबवलं.

‘तिचं नको,’ ते म्हणाले. ‘तुयं सांग.’